गाडीतलं गाडीत

तुकोजीराव जाधवराव पहिल्यांदा त्या गाडीत चढले तेव्हा त्यांनी चपला दाराशीच काढल्या. गाडी दाखवायला आलेला कंपनीचा मॅनेजर हसला आणि तमिळमध्ये म्हणाला, "अण्णा, हे देऊळ नाही, ऑफिस आहे."

तसं ते ऑफिसच होतं. बाहेरून पाहिलं तर यात्रेकरूंना नेतात तसली मोठी व्हॅन. आत मात्र समोरासमोर चार चामड्याच्या खुर्च्या, मधे मिटून ठेवता येणारं टेबल, भिंतीवर मोठा स्क्रीन, कोपऱ्यात कॉफीचं यंत्र. कंपनी मोटारींच्या सीटा बनवायची. मालक विद्याधर घाणेकर आज मद्रासजवळच्या ओरगडमच्या कारखान्यात, उद्या होसूरला, परवा बंगळुरात. निम्मा जन्म रस्त्यावर जातो म्हणून त्यांनी ऑफिसच चाकांवर घेतलं होतं.

तुकोजीरावांनी वीसएक वर्षं यात्रेच्या व्हॅन चालवल्या होत्या. तिरुपती, रामेश्वरम, कुंभकोणम. हात स्टिअरिंगवर आणि तोंड मागच्या मंडळींशी. म्हाताऱ्या बायकांना त्यांच्याच गाडीतून जायचं असे, कारण घाट कधी संपला ते गप्पांत कळत नसे. पण त्या ट्रॅव्हल्सवाल्यानं गाड्या विकून टाकल्या आणि पंचावन्नाव्या वर्षी तुकोजीराव मद्रासमधल्या तिरुवल्लिकेणीच्या घरात बायकोसमोर बसून राहिले. म्हणून ही नोकरी मिळाली तेव्हा हेमावतीनं पार्थसारथीच्या देवळात जाऊन दिवा लावला होता.

पहिल्याच सकाळी गाडी गिंडीच्या पुलावर होती. मागे साहेब फोनवर बोलत होते. "अगं आई, गोळ्या घेतल्यास का? नाश्ता झाला?"

तुकोजीरावांचा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून उचलला गेला. फोन ठेवल्याचं कळताच त्यांनी आरशात पाहत विचारलं, "साहेब, आपण मराठी?"

"हो. सांगलीचा. तुम्हाला मराठी येतं?"

"आम्ही तंजावरचे, साहेब. घरीं हेंच बोलतों. मद्रासेंत आपलें बोलणारे साहेब मिळतील, हें मज स्वप्नांतही नव्हतें."

साहेब खो खो हसले. "मज! अहो, माणूस खराखुरा 'मज' म्हणतो!" त्यांनी लगेच आईला परत फोन लावला, स्पीकर चालू केला आणि म्हणाले, "आई, हे ऐक. बोला तुकोजीराव."

तेव्हापासून तुकोजीराव त्या गाडीतली एक गंमत झाले. पुण्याचा कोणी पाहुणा आला की साहेब त्यांना बोलायला लावत. सांगलीच्या आई आठवड्यातून एकदा तरी "त्या तुकोजींना दे बघू" म्हणत आणि दोघं भाज्यांचे भाव, गुडघेदुखी असलं काहीबाही बोलत. हेमावतीला हे रुचत नसे. "तुम्हांस नाचवितात ते," ती म्हणायची. तुकोजीराव म्हणायचे, "नाचवूं दे गे. माणूस बोलतो तरी."

साहेबांनी सुरुवातीलाच एक गोष्ट सांगितली होती. "तुकोजीराव, या गाडीत धंद्याचं बोलणं होतं. गाडीतलं गाडीत राहिलं पाहिजे." तुकोजीरावांनी छातीवर हात ठेवला होता. "माझ्या पोटांतून बाहेर जाणार नाहीं, साहेब."

पुढे एकदा मुलीसाठी शब्द टाकायची वेळ आली. रम्याचा नवरा गिरीधर वेल्डर होता आणि आवडी गावाकडचं त्याचं ठेकेदारीवरचं काम सुटलं होतं. तुकोजीरावांनी घाबरत घाबरत विषय काढला. साहेबांनी तिथल्या तिथे एक फोन केला. पुढच्या सोमवारी गिरीधर ओरगडमच्या कारखान्यात सीटांच्या सांगाड्यांना वेल्डिंग करू लागला. रम्या आणि तो जवळच श्रीपेरुंबुदूरला दोन खोल्या घेऊन राहिले. वर्षभरात रम्याला दिवस गेले. घरात साहेबांचं नाव देवाच्या पाठोपाठ निघू लागलं.

ऑगस्टातली गोष्ट. होसूरहून परत येत होते. मागे साहेबांबरोबर कंपनीचे दोन अधिकारी लॅपटॉप उघडून बसले होते. दोघेही तमिळ. साहेबांना पुण्याहून धाकट्या भावाचा, कौशिकचा फोन आला. तो धंद्यातला भागीदार होता.

"नाही नाही, बोल," साहेब म्हणाले. "इथे कोणाला कळत नाही."

पुढे कोण बसलंय हे ते विसरले होते. तुकोजीरावांना वाटलं, खाकरावं. पण ते खाकरले नाहीत.

"ओरगडम दिवाळीपर्यंतच," साहेब बोलत होते. "मग मशिनं गुजरातला. हो, सगळीच. पण कामगारांना आधी कळलं तर एक नटसुद्धा हलवू देणार नाहीत. तोपर्यंत ऑर्डर भरपूर आहेत असंच दाखवायचं."

वेल्लोर आलं, गेलं. तुकोजीरावांना रस्ता दिसत होता, पण पुढे काय काय लागलं ते नंतर त्यांना आठवेना. घरी गेल्यावर हेमावतीनं विचारलं, "अंगांत कणकण आहे काय?" ते म्हणाले, "हो." रसम-भात पुढे आला तो तसाच परत गेला.

त्याच रविवारी ते दोघं मुलीकडे गेले. जेवणं झाल्यावर गिरीधर सासऱ्याजवळ येऊन बसला. मुलगा मितभाषी, मान खाली घालून बोलणारा. त्याला होसूरच्या एका कंपनीनं बोलावलं होतं. काम चांगलं होतं, पण शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं.

"मामा, मज कांहीं सुचत नाहीं," तो म्हणाला. "रम्याची ही अवस्था, एथले डॉक्टर ओळखीचे. आमच्या कारखान्यांत ऑर्डर भरपूर आहेत म्हणतात. तुम्ही रोज साहेबांसंगें असतां. तुम्हीच सांगा, राहूं कीं जाऊं?"

रम्या दाराला टेकून ऐकत होती. तुकोजीरावांच्या ओठांवर आलं होतं. 'जा' एवढंच म्हणायचं होतं. कारण सांगायचीही गरज नव्हती. पण त्यांना वाटलं, तो कारण विचारणार. कारण कळलं की तो मित्रांना सांगणार. मित्र आणखी कोणाला सांगणार. ज्या माणसानं ह्याच पोराला कामाला लावलं त्याचं घर आपल्या तोंडानं पेटायचं.

"दोन दिवस थांब," ते म्हणाले. "विचारून सांगतों."

मंगळवारी बंगळूरच्या वाटेवर वालाजापेटजवळ गाडी कॉफीसाठी थांबली. साहेब पाय मोकळे करायला खाली उतरले. तुकोजीराव त्यांच्याजवळ जाऊन उभे राहिले.

"साहेब, जावयास होसुराहून बोलावणें आलें आहे. तो विचारीत होता, एथें राहावें कीं जावें?"

साहेबांनी कप ओठांपासून खाली घेतला. "तुम्ही काही ऐकलंत का?"

हीच ती वेळ होती. पुढे तुकोजीराव याच क्षणापाशी पुन्हा पुन्हा येऊन थांबत. त्या वेळी मात्र भीती आधी बोलली. "नाहीं, साहेब."

साहेब थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मग सांगा त्याला, निवांत काम कर म्हणावं. मी आहे ना."

'मी आहे ना.' परतीच्या वाटेवर तुकोजीरावांनी हे तीन शब्द इतके घोळवले की त्यांचं एक घरच बांधून झालं. साहेबांनी सगळं जाणून शब्द दिला आहे. हजार माणसं जातील, पण ह्या एकाला ते ठेवतील. कंपनीच्याच होसूरच्या युनिटात घालतील, नाहीतर गुजरातेत नेतील. घरी पोचेपर्यंत त्यांना ते खरंच वाटू लागलं होतं. त्यांनी गिरीधरला फोन केला.

"साहेब स्वतः म्हणाले, निवांत काम कर. ते आहेत."

गिरीधरनं होसूरला 'येत नाही' असं कळवलं. रम्यानं आईच्या फोनवर सांगितलं, "अप्पांस सांग, फार बरें वाटलें. ह्या दिवसांत घर हलवायचें म्हणजे मज धडकीच भरली होती."

पुढच्या आठवड्यात गाडी चार दिवस अंबत्तूरच्या एका वर्कशॉपात गेली. परत आली तेव्हा ड्रायव्हरच्या पाठीमागे जाड काचेची भिंत होती आणि काचेवर आतून पडदा. डॅशबोर्डवर एक छोटा स्पीकर बसवला होता. साहेबांना काही सांगायचं असलं की त्यातून आवाज यायचा, "एसी वाढवा", "पुढे डावीकडे थांबा". तेही इंग्रजीत. सांगलीच्या आईंचा फोन पुन्हा कधी पुढे आला नाही.

तुकोजीरावांना सगळं समजलं. आपण खोटं बोललो हे साहेबांनी ओळखलं आहे, हे कळलं. आणि तरीही 'निवांत काम कर' म्हणाले होते, हेही कळलं. अजून वेळ होती. दिवाळी लांब होती. होसूरला फोन करून पाहता आला असता. पण आता सांगायचं तर आधी का नाही सांगितलं, हेही सांगावं लागणार होतं. रोज सकाळी ते ठरवत, आज संध्याकाळी सांगू. आणि रोज संध्याकाळी हेमावतीच्या हातची कॉफी पिऊन गप्प बसत.

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी बातमी फुटली. कुठून फुटली ते कधीच कळलं नाही. मशिनं हलवण्याचा आदेश कोणीतरी मोबाइलवर पाठवला आणि पहिली पाळी सुरू होण्याआधी तो साऱ्या कारखान्यात फिरला.

ती गाडी ओरगडमच्या फाटकाशी पोचली तेव्हा रस्ताभर माणसं बसली होती. घोषणा नव्हत्या, दगड नव्हते. माणसं नुसती बसली होती, गणवेशात, डबे मांडीवर घेऊन. हॉर्न वाजवायची तुकोजीरावांची छाती झाली नाही. दुसऱ्या रांगेत गिरीधर होता. शेजारच्यानं त्याला कोपरानं ढोसलं आणि गाडीकडे बोट केलं. गिरीधरनं मान वर केली. समोरच्या काचेतून त्या दोघांनी एकमेकांना पाहिलं. तुकोजीरावांना वाटलं, दार उघडून खाली उतरावं, त्या पोराच्या शेजारी जाऊन बसावं.

स्पीकर खरखरला. "रिव्हर्स."

त्यांनी गाडी मागे घेतली.

अड्यारला आपल्या बंगल्याच्या आवारात साहेब खाली उतरले आणि कितीतरी दिवसांनी मराठीत बोलले. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती, तुकोजीराव. मराठी समजणारं त्या गाडीत दुसरं कोण होतं?"

"साहेब," तुकोजीराव म्हणाले, "मीं सांगितलें असतें, तर माझा जावई होसुरास नसता का गेला?"

साहेबांना हे पटलं असावं. क्षणभर त्यांची नजर ढळली. पण पटलं म्हणून काही बदलणार नव्हतं. "किल्ली मॅनेजरकडे द्या," एवढं बोलून ते आत गेले.

संध्याकाळी रम्या एकटीच तिरुवल्लिकेणीला आली. सातवा महिना, धापा टाकत जिना चढली. आईनं पुढे केलेलं पाणी तिनं घेतलं नाही.

"फाटकाशीं सगळे ह्यांस म्हणतात, तुझ्या सासऱ्यास ठाऊक होतें. हे म्हणाले, नाहीं, आमचे मामा तसे नाहींत. हे भांडले त्यांच्यासंगें. अप्पा, तुम्हांस ठाऊक होतें?"

हेमावतीनं नवऱ्याकडे पाहिलं. तिलाही हे लेकीबरोबर आत्ताच कळत होतं.

"होतें," तुकोजीराव म्हणाले.

"ह्यांनीं विचारलें तेव्हां?"

"तेव्हांही."

तिनं पदरानं कपाळ पुसलं आणि आल्या पावली जिना उतरून गेली.

होसूरची जागा केव्हाच भरली होती. ओरगडमच्या आसपास एकदम इतके वेल्डर रिकामे झाले की गिरीधरला कुठेच कोणी उभं करेना. शेवटी सेलमला त्याच्या थोरल्या भावाचं ग्रिलं बनवायचं दुकान होतं, तिथे दोघं गेली. भावजय तोंडाची तिखट. एका खोलीत संसार. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण रम्यानं आईला कळवलं, "तूंच एथें ये." अप्पांचं नाव तिनं काढलं नाही. हेमावतीनं दोन पिशव्या भरल्या, वाटेत खायला दहीभात बांधून घेतला आणि ती गेली. तुकोजीराव स्टेशनवर सोडायला गेले होते. गाडी सुटेपर्यंत दोघं कोण कुठल्या डब्यात चढतंय तेच पाहत राहिली.

मुलगी झाली. फोटो हेमावतीच्या फोनवरून आला. महिना-सव्वा महिना वाट पाहून तुकोजीराव कोणाला न सांगता सेलमच्या बसमध्ये बसले.

दार गिरीधरनंच उघडलं. "या, मामा," तो म्हणाला. खुर्ची दिली, पंखा लावला, कॉफी आणवली. त्याच्या हातांवर वेल्डिंगचे नवे डाग होते. आत मूल रडलं आणि लगेच गप्प झालं. कोणीतरी उचललं असावं. पडदा हलला, पण कोणी बाहेर आलं नाही.

"गिरीधर, मज वाटलें होतें, साहेब तुला सांभाळतील," तुकोजीराव म्हणाले.

"ठाऊक आहे, मामा. तुम्ही वाईट केलें असें मी म्हणत नाहीं." तो मान खाली घालूनच बोलत होता. "पण आतां तुम्हांस कांहीं विचारावें असें वाटत नाहीं."

कॉफी संपल्यावर ते उठले. हेमावती कोपऱ्यापर्यंत सोबत आली. "मूल तुमच्या आईवर गेलें आहे," ती म्हणाली. मग म्हणाली, "ती आज नाहीं दाखवणार. मी एथेंच राहतें कांहीं दिवस. तिला कोणी पाहिजे."

"राहा," ते म्हणाले.

आता ते पाण्याच्या कॅनचा छोटा टेम्पो चालवतात. मॅन्शनांतून, म्हणजे इथल्या भाड्याच्या खोल्यांच्या इमारतींतून, राहणाऱ्या नोकरदार पोरांच्या दाराशी कॅन ठेवायचे आणि रिकामे उचलायचे. दुपारी कोपऱ्यावरच्या मेसमध्ये जेवतात. उन्हाळा सुरू झाला आहे. हेमावती अजून सेलमलाच आहे. परवा घरमालकानं जिन्यात गाठून विचारलं, अम्मा कधी येणार? तुकोजीराव म्हणाले, येईल. त्यांना तसं वाटत नव्हतं, पण घरमालकाला तेवढं उत्तर पुरलं.