मुरगूडच्या भिंतीवरचा चेहरा

दुपारी तीनच्या सुमाराला खिडकीतलं ऊन भिंतीवरून उतरत उतरत माझ्या टॅबलेटच्या काचेवर येऊन थांबतं. मग काचेवरचं चित्र दिसेनासं होतं आणि तिथं नुसता उजेड उरतो. तेवढा वेळ मी पेन खाली ठेवतो आणि डोळे किलकिले करून बसून राहतो. पाहिलेले कितीतरी चेहरे त्या उजेडात येऊन जातात. ते कुणाचे, हे आता नीट सांगता येत नाही. एक चेहरा मात्र सांगता येतो, आणि त्याच्यासाठीच हे लिहितो आहे.

आयुष्यभर मी कोल्हापुरात माणसांची चित्रं रंगवली. बहुतेक गेलेल्या माणसांची. घरातलं कुणी गेलं की लोक फोटो घेऊन दुकानात यायचे. मी फोटोवर चौकटी आखायचो, भिंगातून पापण्या मोजायचो, गाल गुळगुळीत करायचो आणि रंग थोडा उजळ लावायचो. घरचे खूश व्हायचे. कसलाही फोटो असो, हा पेंटर त्यातून माणूस उभा करतो, असं माझं नाव झालं होतं. त्या नावानंच घात केला.

टॅबलेट नातीनं आणून दिला. मी त्यावरही तेच सुरू केलं. दोन बोटांनी चित्र मोठं करायचं आणि एकेक सुरकुती काढत बसायचं. लेयरवर लेयर, म्हणजे रंगाच्या थरावर थर चढले. आठवडाभरानं ती मागं येऊन उभी राहिली.

"आबा, नाकातले केस मोजून झाले असतील तर जरा लांबनं बघा की."

लांबून बघितलं तर चेहरा मैद्याच्या गोळ्यासारखा दिसत होता. तिनं सगळे लेयर बंद केले, एक ठेवला. शेकडो ब्रशांमधला एकच रुंद, चपटा ब्रश ठेवला. "आता मोठं करायचं नाही. पुसायचंही नाही. चुकलं तर त्यावरच दुसरा रंग लावायचा."

हळूहळू जमत गेलं. डोळे अर्धवट मिटले की चेहऱ्यातलं नाक, डोळे, ओठ विरघळतात आणि पाच-सहा डाग उरतात. कपाळावर उजेडाचा एक, डोळ्यांच्या खोबणीत सावलीचा एक, हनुवटीखाली एक. ते डाग जागच्या जागी पडले की माणूस आपोआप वर येतो, पाण्यातून यावा तसा. उन्हाकडचा गाल ऊबदार ठेवायचा, सावलीतला थोडा निळसर. सगळ्या कडा घट्ट करायच्या नाहीत, काही केसांत, काही मागच्या अंधारात सोडून द्यायच्या. आणि जे दिसत नाही ते काढायचं नाही. हा शेवटचा नियम मला कुणी शिकवला नाही. तो मी चाळीस वर्षं उशिरा शिकलो.

चाळीस वर्षांपूर्वी मुरगूडहून एक जोडपं दुकानात आलं होतं. बाई तिशीतली. तिची आई ती सात वर्षांची असताना गेली होती. आईचा एकच फोटो होता, कुठल्याशा लग्नातला, पंधरा-वीस बायकांच्या घोळक्यात. आई शेवटच्या रांगेत होती, डोक्यावर पदर, आणि नेमकी फोटो काढताना हललेली. मी भिंग लावलं. चेहऱ्याच्या जागी करडा फराटा होता. नवरा म्हणाला, "पेंटर, काय दिसतंय का न्हाय त्यात?"

"भिंगात सगळं स्पष्ट आहे," मी म्हणालो.

बाई दारातल्या स्टुलावर बसली होती, रस्त्याकडं बघत. बाहेरचा उजेड तिच्या एका गालावर पडला होता. नवरा चहा सांगायला गेला तेवढ्यात मी कागदावर तिचाच चेहरा उतरवून घेतला. मग त्या चेहऱ्याला नऊवारीचा पदर दिला, मोठी नथ घातली, हनुवटी जरा भरली, मान दुसरीकडं वळवली. चित्र न्यायला आली तेव्हा तिनं त्याला हात जोडले आणि रडली. नवरा हसत म्हणाला, "बगा, हुबेहूब आईवर गेलीया."

कुणी फोटोशी ताडून बघेल ही भीती होती. म्हणून फोटो पाण्यात पडून खराब झाला असं सांगितलं. तो माझ्या पत्र्याच्या पेटीत राहिला.

घरी जाऊन त्यांनी चित्राला हार घातला. जिवंत माणसाच्या तसबिरीला हार घालत नाहीत, हे आपल्याकडं लहान पोरालाही माहीत असतं. मी एका बाईला स्वतःच्याच तोंडावर हार घालायला लावलं होतं. त्या घरातून कुणाच्या आजारपणाची बातमी आली की ती बाई तर नाही ना, हे मी आधी विचारायचो.

या वर्षी तो फोटो पेटीतून काढला. नातीनं तो टॅबलेटवर घेतला. मी रुंद ब्रशानं घोळक्यातली ती एकटी बाई रंगवली. पदराचा मोठा हिरवा डाग, त्याखाली कपाळाचा उजेड, मान वळताना पुसट झालेली गालाची कड. डोळे नाहीत, नाक नाही. तीन दुपारी त्यात गेल्या. असं शांत चित्र मी दुकानात कधी काढलं नव्हतं.

मग नातीला घेऊन मुरगूडला गेलो. बाई आता सत्तरी ओलांडलेल्या, बाहेरच्या सोप्यात खुर्चीवर बसल्या होत्या. नवरा तीन वर्षांपूर्वी गेला होता, त्याचा फोटो आणि मी काढलेलं चित्र भिंतीवर शेजारी शेजारी होतं. दोन्हींना ताजे हार. मी बसलो आणि पाणी यायच्या आत चित्राचं सगळं सांगून टाकलं. हाराचंही.

त्यांनी भिंतीवरच्या चित्राकडं बघितलं. मग त्यांना हसू फुटलं.

"म्हंजे ही मीच? तरीच म्हणलं मी मरंना कशी. रोज हार घालून यमाला सांगत हुते, ही गेलीया म्हणून." आत सुनेला हाक मारली, "अगं, सासूचा हार काढ. जिती हाय अजून."

नात हसली, मीही हसलो. चाळीस वर्षांचं ओझं इतक्या सहज उतरलं असं वाटलं, आणि त्या हलकेपणातच मी खिशातून फोटो काढून त्यांच्या हातात दिला.

त्यांचं हसू थांबलं. त्यांनी चष्मा लावला. शेवटच्या रांगेवर बोट ठेवलं आणि ते तिथंच ठेवलं.

"ह्यो खराब झालता न्हवं?"

"नव्हता झाला," मी म्हणालो.

"चित्राचं काय न्हाय वो पेंटर. पर ह्यो ठेवून घेतलासा, हे वंगाळ केलंसा." आवाज चढला नव्हता. "माझ्या मावश्या हुत्या तवा. त्येंनी बोट लावून सांगितलं असतं, आई कशी हुती ते. आता कुणाला इचारू?"

मी चुकीच्या पापाला भीत आलो होतो.

नातीनं हळूच टॅबलेट पुढं केला. त्यांनी तो हात लांब करून धरला.

"डोळं कुटं हायत?"

"फोटोत दिसत नाहीत वहिनी. म्हणून काढले नाहीत."

"मलाबी आठवत न्हाईत." मग टॅबलेट जवळ घेऊन म्हणाल्या, "लुगडं हिरवं न्हवतं पर. जांभळं हुतं. माझ्या वाकळंत शिवलंय अजून."

सुनेनं जुन्या लुगड्यांची ती वाकळ आणली. मी तो तुकडा खिडकीच्या उजेडात धरला आणि पदरावर जांभळ्याचा एक रुंद फटकारा दिला. त्या बघत होत्या. बरं झालं म्हणाल्या नाहीत, आणि मी विचारलंही नाही.

निघताना त्यांनी भिंतीवरचं चित्र सुनेकडून खाली उतरवलं आणि पालथं करून माझ्या मांडीवर ठेवलं. "तोंडानं सांगितल्यालं माझ्यासंगट जाईल. मागं लिवा. सगळं लिवा, फोटोचंबी."

नातीनं पेन दिलं. पाठीमागच्या पुठ्ठ्यावर मी लिहायला लागलो. बाई शेजारी बसून एकेक ओळ मला मोठ्यानं वाचायला लावत होत्या, आणि जिथं मी मोघम लिहिलं तिथं पुन्हा लिहायला लावत होत्या.