बाराच्या आत केक

माणूस असतो तोवर त्याचे किस्से कोणी सांगत नाही. तो गेला की मात्र दारात चपला साचतात तसे घरात किस्से साचायला लागतात. आमच्या दादाचं तेच झालं. मिलिंददादा, माझा थोरला भाऊ. जूनमध्ये कावीळ झाली आणि बघता बघता गेला. लखनौला अमौसी एअरपोर्टच्या आमच्या क्वार्टरमध्ये जो येई तो आधी रडे, मग चहा घेई, आणि मग "एक बार क्या हुआ" असं म्हणून सुरू होई. एक बाई तर आईच्या गळ्यात पडून रडता रडता मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "बहनजी, वो केक में सिरका कितना डालता था?"

बाबांनी डोळे पुसत सांगितलं, "एक बड़ा चम्मच."

मला हसू फुटलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोरीत जाऊन नळ सोडून बसलो.

आई तर कोणाशीच बोलत नव्हती. पुण्यानुमोदनाचा, म्हणजे दादाच्या नावाने भंतेजींना जेवण द्यायचा, दिवस ठरला तेव्हा तेवढी एकदा बोलली. "भंतेजींच्या ताटात मिलिंदचा केक पाहिजे." भंतेजी भिक्षू. ते दुपारी बारानंतर काही खात नाहीत. म्हणजे केक बाराच्या आत हवा. आणि करणार कोण? दादाच्या मागे डबे धरून उभा राहायचो तो मी, संजू.

तो दिवस कसा गेला ते सांगतोच. पण आधी त्या केकचं सांगतो.

* * *

दादाच्या केकमध्ये अंडं नाही, दूध नाही, लोणी नाही. त्यात व्रत-बित काही नव्हतं. दादाला दूध पचायचं नाही आणि अंड्याचा वास आला की तो घराबाहेर पडायचा.

लखनौमध्ये दूध न पचणं म्हणजे जवळजवळ गुन्हाच. लग्नात दादाने रबडीला नको म्हटलं की मुलीचा बाप घाबराघुबरा होऊन यायचा, "बेटा, हमसे कोई नाराज़गी?" एका हलवायाला तर हे पटेचना. तो दुकानातून खाली उतरून आला.

"दूध नहीं पचता? तो बचपन में क्या पीते थे?"

"पीते नहीं थे, चाचा," दादा म्हणाला. "पिटते थे."

शेवटी कॅन्टोन्मेंटमधल्या एका सुभेदाराच्या बायकोने, आमच्या कदमकाकूंनी, त्याला मार्ग दाखवला. मैदा, साखर, कोको आणि सोडा एका डब्यात. पाणी, तेल आणि सिरका, म्हणजे व्हिनेगर, दुसऱ्या डब्यात. दोन्ही एकत्र करायचं, वर फळं मांडायची आणि लगेच भाजायला ठेवायचं. झाला केक. इतकं सोपं की आठवी नापासालाही जमेल, असं दादा चारचौघांत सांगायचा. चारचौघांत आठवी नापास मी एकटाच असायचो.

* * *

पहिला केक आईच्या कुकरमध्ये झाला. शिटी काढायची, खाली वाळू पसरायची आणि वर भांडं ठेवायचं, अशी पद्धत. वाळू दादाने एअरपोर्टच्या कुंपणाचं काम चाललं होतं तिथून उचलून आणली. चाळली नाही. थोड्या वेळाने कुकरमधून असा वास सुटला की शेजारचं कुत्रं उठून दुसऱ्या लाईनीत गेलं.

केक निघाला तो काळा आणि चपटा. बाबा एअरपोर्टवर ग्राउंड ड्यूटीला. त्यांनी तो हातात घेतला, टेबलावर दोनदा वाजवून पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "चांगला झालाय. उद्या घेऊन जातो. विमान उभं केलं की चाकाखाली लावायला बरा पडेल."

आई म्हणाली, "हा कुकरही न्या. आता याच्यात वरण शिजायचं नाही."

* * *

मग दादाने जुन्या लखनौमधला चौक बाजार गाठला. चौकातल्या एका गल्लीत एका पावरोटीवाल्या चाचांची भट्टी आहे. सकाळची पावरोटी निघाली की भट्टीत जी आच उरते, तिच्यावर ते लोकांचा माल भाजून देतात. माल लोकांचा, भट्टी चाचांची. लोक घरून मैदा, साखर, तूप घेऊन येतात आणि नानखटाई करून नेतात. तूप कारागिराने ढापू नये म्हणून समोर डोळ्यांत तेल घालून बसतात. एक वकीलसाहेब होते, ते कारागिराने बोट चाटलं तरी हरकत घ्यायचे.

दादा पहिल्यांदा गेला आणि तोही असाच समोर बसला. चाचांनी त्याचे डबे उघडले.

"घी?"

"नहीं."

"मक्खन?"

"नहीं."

"अंडा? दूध?"

"नहीं, चाचा."

चाचांनी दोन्ही डब्यांची झाकणं परत लावली. "तो मियाँ, आप पहरा किसका दे रहे हैं? घूम आइए. इसमें चुराने लायक कुछ है ही नहीं."

* * *

या केकची एकच खोड. अंड्याचा केक थांबतो, सोडा-सिरक्याचा थांबत नाही. दोन डबे एकत्र झाले की मिश्रण फसफसतं. तेवढ्यात भट्टीत गेलं तर फुगतं, नाहीतर बसतं.

आणि दादा लखनौमध्ये वाढलेला. भांडं हातात, केक फसफसतोय, पाळी त्याची. मागे कोणी म्हातारा दिसला की हा बाजूला सरकून म्हणणार, "पहले आप." म्हातारा थोडाच मागे हटतोय? "अरे नहीं साहब, पहले आप." दोघं एकमेकांपुढे वाकून उभे, आणि मध्ये भांड्यात केकचा जीव चाललाय.

एकदा माझ्याने राहवलं नाही. मी दादाच्या हातातलं भांडं हिसकलं, दोघांच्या मधून घुसलो आणि भट्टीत सारलं. म्हाताऱ्याची टोपी पडली.

चाचांनी दादाला विचारलं, "यह साहबज़ादे कहाँ के हैं?"

दादा म्हणाला, "अकोला के."

"और आप?"

"मैं तो यहीं का हूँ, चाचा."

सख्खा भाऊ, मूळ गाव दोघांचं एकच! त्या दिवसापासून दादा दोन डबे वेगवेगळे न्यायचा आणि भट्टीच्या तोंडाशीच मिसळायचा. पण "पहले आप" काही सोडलं नाही.

* * *

दादा एअरपोर्टवर इलेक्ट्रिशियन होता. रविवारी कॉलनीत कुठेही वीज गेली की त्यालाच बोलावणं. एका रविवारी साहेबांच्या बंगल्यात अंधार झाला. साहेबांच्या मुलाचा वाढदिवस, घर पाहुण्यांनी भरलेलं. शिपाई धावत आला तेव्हा आम्ही चौकातून नुकतेच परतलो होतो. दादा तसाच गेला. घाईत हत्यारांची पिशवी स्कूटरवर राहिली आणि हातात केकचा डबा.

साहेब मेणबत्ती घेऊन दारात उभे. "औज़ार कहाँ हैं तुम्हारे?"

दादाने हातातल्या डब्याकडे पाहिलं, मग मेणबत्तीकडे. "साहब, मोमबत्ती तो जली हुई है ही. आप केक काट लीजिए, मैं पाँच मिनट में आता हूँ."

* * *

आता तिवारी आंटी. आमच्या शेजारच्या. बोलायला अशा गोड की साखर मागायला जायची सोय नाही, तिथेच पोट भरायचं. पण आमच्या घरचं पाणीसुद्धा त्या कधी घ्यायच्या नाहीत. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही. आम्हाला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं की आम्हाला माहीत आहे.

दादाने एका रविवारी त्यांच्याकडे केक नेला.

"अंडा तो नहीं है ना, बेटा?"

"नहीं, आंटी."

"दूध-घी?"

"वो भी नहीं."

आंटींची पंचाईत झाली. "आज मेरा व्रत है."

पुढच्या रविवारी पोट बिघडलेलं होतं. तिसऱ्या रविवारी त्यांना काही सुचेना. केकवर दशहरी आंब्याच्या फोडी मांडलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, "फल तो चलता है. फल में क्या दोष?" आणि त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत धरून एकेक फोड उचलली आणि खाल्ली. केक टकला होऊन घरी आला.

आई म्हणाली, "पुन्हा त्या दारात गेलास तर तंगडं मोडीन." मी तर केक त्यांच्याच दारावर फेकायला निघालो होतो. दादाने मागून माझी कॉलर धरली. "थांब ना, गाढवा. पुढच्या रविवारी बघ."

पुढच्या रविवारच्या केकवर एकही फोड नव्हती. सगळा आंबा दादाने तळाशी घातला होता.

आंटींनी थाळी फिरवून फिरवून पाहिली. "फल कहाँ है?"

"नीचे है, आंटी," दादा म्हणाला. "खोदना पड़ेगा."

आंटींनी थाळी घेतली आणि दार लावलं. संध्याकाळी थाळी परत आली, रिकामी आणि घासून लख्ख. आत काय झालं ते तिवारी अंकलनाही ठाऊक नाही.

* * *

हॉस्पिटलमध्ये दादा हळदीसारखा पिवळा पडला होता. डॉक्टरांनी सांगितलं, तेल बंद, आता फक्त फळं आणि ग्लुकोज.

डॉक्टर गेल्यावर दादा मला म्हणाला, "अंडं गेलं, दूध गेलं, आता तेलही गेलं. संजू, असं एकेक काढत गेलं तर शेवटी नुसतं भांडं उरेल."

"आणि फळं," मी म्हटलं.

"म्हणजे आंटींचंच बरोबर होतं की."

आम्ही इतके हसलो की नर्सने येऊन मला बाहेर काढलं. दादा मागून म्हणाला, "आलाच आहेस बाहेर तर आंबे आण. नीट वास घेऊन आण, तुझ्यासारखे कच्चे नकोत."

मी वास घेत बसलो. दुकानदार वैतागला. परत आलो तेव्हा आंबे कोणाला द्यायचे, हा प्रश्न होता.

* * *

आणि हा किस्सा पुण्यानुमोदनाच्या दिवसाचा.

सकाळी मी वेळ वाचवायला म्हणून दोन्ही डबे घरीच एकत्र केले. दादाने जे कधी केलं नसतं नेमकं ते. अमौसीपासून चौकापर्यंत स्कूटर हाणली. भट्टीपाशी झाकण काढलं तर आत चिखल.

चाचांनी डोकावून पाहिलं. "यह क्या है?"

"केक."

"आपके भाई कहाँ हैं?"

त्यांना कळलेलंच नव्हतं. मी सांगितलं. रांगेतल्यांनी ऐकलं आणि सगळे बाजूला झाले. चाचांनी आपल्या पोत्यातला मैदा काढला, पेस्ट्रीच्या डब्यातला कोको काढला. कोणीतरी साखर पुढे केली, कोणी सोडा, तेल आणि सिरका धावत आणला. ते वकीलसाहेब, बोट चाटू न देणारे, त्यांनी आपला तुपाचा डबाच माझ्यापुढे धरला.

"रहने दीजिए, वकील साहब," चाचा म्हणाले. "उनके केक में घी नहीं पड़ता."

आंबे माझ्या पिशवीत होते. मी भट्टीच्या तोंडाशी मिसळलं आणि आत सारलं. केक फुगला. भाजून होईपर्यंत एकेक जण दादाचे किस्से सांगत होता. मी भट्टीकडे बघत उभा होतो आणि ऊन भिंतीवरून खाली सरकत होतं.

गरम केक गुडघ्यांत धरून मी घरी पोचलो. खोली माणसांनी भरलेली. वंदना झाली होती, भंतेजींचं जेवणही झालं होतं, ते हात धुऊन बसले होते. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून गेले होते.

बाबा हळूच म्हणाले, "उशीर झाला रे."

भंतेजींनी माझ्या हातातल्या भांड्याकडे पाहिलं. "बेटा, अब मैं नहीं ले सकता. बारह बज गए. तुम सबको बाँट दो."

मी भांडं खाली ठेवलं. कोपऱ्यातलं स्टूल ओढून घड्याळाखाली लावलं आणि वर चढलो. लोकांना वाटलं पंख्याचं काहीतरी करतोय. मी घड्याळाची काच उघडली आणि मोठा काटा बोटाने मागे फिरवला.

"लीजिए," मी म्हटलं. "साढ़े ग्यारह."

कोणीतरी "हे भगवान" म्हणालं. बाबा म्हणाले, "संजू, खाली उतर. आत्ता उतर."

आई दादाच्या फोटोपाशी बसली होती. तिने मान वर केली आणि घड्याळाकडे पाहिलं.

"अजून मागे घे," ती म्हणाली.

मी घड्याळ अकरावर आणलं.

"अजून."

दहा वाजले. नऊ वाजले.

"अजून मागे घे ना रे."

मी फिरवत राहिलो. हात भरून आला. स्टूलचा एक पाय आखूड, ते खाली डुगडुगायला लागलं. मी भिंतीला एक हात टेकला आणि दुसऱ्याने फिरवत राहिलो. मग एकाएकी डुगडुगणं थांबलं.

मी खाली पाहिलं. भंतेजी दोन्ही हातांनी स्टूल धरून उभे होते.