दसऱ्याला मी पर्सची पूजा केली

बसा, बसा. चहा आधी घेऊन टाका, कारण मी जे सांगणार आहे ते ऐकल्यावर तुम्ही या घरचा चहा घ्याल की नाही, मला शंका आहे. मूर्खपणा मी आयुष्यात भरपूर केलाय. केंद्र सरकारात एकतीस वर्षं काढली, म्हणजे वावही भरपूर होता. पण ह्या दसऱ्याचा मूर्खपणा वेगळाच. चुकून झाला असंसुद्धा म्हणता येत नाही हो! सकाळी लवकर उठून, अंघोळ करून, सोवळं नेसून केला मी तो.

गोष्ट एका पर्सची. म्हणजे मी पर्स म्हणतो. आमची केतकी म्हणते, "बाबा, प्लीज, बॅग." केतकी म्हणजे आमची एकुलती एक. जन्म दिल्लीचा, वाढली सरकारी क्वार्टरात, नोकरी गुरुग्रामला, कसल्याशा कन्सल्टिंग कंपनीत. आम्ही दोघं इथे द्वारकेत आणि ती तिकडे एका उंच टॉवरमध्ये खोली भाड्यानं घेऊन. द्वारका ते गुरुग्राम अंतर ते काय! पण तिला स्वतंत्र राहायचं होतं. मी विरोध केला. मी कशाला विरोध करत नाही?

दोन वर्षांपूर्वी तिला बोनस मिळाला आणि तिनं ही पर्स घेतली. इटालियन कंपनीची, साईच्या रंगाची, मऊसूत चामड्याची. किंमत ऐकून मला जेवताना ठसका लागला. माझं तीन महिन्यांचं पेन्शन त्यात गेलं असतं आणि वर उरलं असतं ते पर्सचंच बिल! आणि आत ठेवायचं काय? तर एक फोन, एक लिपस्टिक आणि किल्ल्या. अहो, मला सेमिनारमध्ये फुकट मिळालेल्या रेक्झिनच्या बॅगेत डबा, छत्री, पेपर आणि वेळ पडली तर दोन किलो कांदे मावायचे. ती बॅग मी केतकीला पहिल्या नोकरीच्या दिवशी कौतुकानं दिली होती. तिची किंमत नाही, आणि हे चामडं बघा!

मी तेव्हा एक सिद्धांतच मांडला. "असल्या वस्तू दोनच प्रकारची माणसं घेतात. एक, ज्यांना पैशाचं काय करायचं कळत नाही. दोन, ज्यांना स्वतःचं काय करायचं कळत नाही. तू कुठल्यातली?" हे मी जेवताना म्हटलं, फोनवर म्हटलं, पाहुण्यांसमोर म्हटलं. पोरगी आधी हसायची, मग भांडायची, मग गप्प बसायला लागली. मला वाटलं, पटलं तिला.

तर ह्या दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी केतकी आली. वाळली होती. बरोबर ती पर्स, तिच्या मलमली पिशवीसकट आणि मूळच्या खोक्यासकट.

"खोकं कशाला आणलंस?"

"उद्या बारा वाजता एक जण येणारे, बाबा. तिला दाखवायचीये."

मी तोंड उघडलं. मीनानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीनं, माझ्याकडे असं काही पाहिलं की मी ते मिटलं.

सकाळी पाट मांडायला बसलो. आमच्याकडे दसऱ्याला ज्याचं पोट ज्यावर चालतं ते पाटावर ठेवायची पद्धत. माझं शाईचं पेन ठेवलं. मीनाची विळी ठेवली. आता पोरीचं काय ठेवायचं? तिचा लॅपटॉप शोधला, कुठे दिसला नाही. म्हटलं, आणला नसेल. केतकी अंघोळीला गेलेली. आणि समोर सोफ्यावर ती पर्स!

आता काय सुचलं मला बघा. म्हटलं, दोन वर्षं आपण हिला नावं ठेवली. पोरगी रोज ही खांद्याला अडकवून मोठमोठ्या साहेबांपुढे जाते, मग हेच तिचं शस्त्र की नाही? आज हिचा मान करू. पोरगी बघेल, बाप बदलला म्हणेल. खरं सांगतो, माझ्याच मोठेपणानं माझे डोळे भरून आले.

"अहो, तिला विचारा तरी," मीना स्वयंपाकघरातून म्हणाली.

"आपल्या पोरीच्या वस्तूला हळदकुंकू लावायला एनओसी घेऊ?"

आणि मी कुंकू पाण्यात कालवत नाही. पाण्यातलं वाळून उडून जातं. मी तेलात कालवतो. माझे वडील तसंच करायचे. आमच्या स्कूटरवरचं स्वस्तिक, स्कूटर भंगारात गेली तरी शाबूत होतं!

तर पर्सच्या ऐन दर्शनी भागावर अंगठ्याएवढ्या जाड रेघांचं स्वस्तिक काढलं. चार कोपऱ्यांत चार ठिपके. बाजूला हळदीची बोटं. वर अक्षता, कडीला झेंडूची माळ. उदबत्ती ओवाळली. इतकं सुरेख दिसत होतं की फोटो काढला आणि आमच्या खानदानाच्या ग्रुपवर टाकला. नाशिकपासून न्यू जर्सीपर्यंत सगळे आहेत त्यात. खाली लिहिलं, 'कन्येचे शस्त्र! गुरुग्राम गाजवणाऱ्या लेकीस शुभ दसरा!'

धडाधड अंगठे आले. फुलं आली. आत्या म्हणाली, लेक असावी तर अशी. मी चष्मा लावून एकेक वाचतोय, छाती फुगतेय. आणि मग प्रसादचा मेसेज आला. प्रसाद माझ्या धाकट्या भावाचा मुलगा, गुरुग्रामलाच नोकरीला. त्यानं लिहिलं होतं, 'वा काका! म्हणजे केतकीला नवीन जॉब लागला? त्यांची अख्खी टीम तर ऑगस्टमध्येच काढली ना?'

मी वाचून संपवतोय तोच त्यानं तो डिलीट केला. पण ज्यांना वाचायचा होता त्यांनी वाचला होता. त्यानंतर ग्रुपवर एक फूल नाही, एक अंगठा नाही.

ऑगस्ट! म्हणजे गणपतीत ती आमच्याकडे मोदक खाऊन गेली तेव्हा नोकरी नव्हती. परवा मी फोनवर "कामात आहेस का?" विचारलं, ती "हो, मीटिंगमध्ये आहे" म्हणाली, तेव्हाही नव्हती. मला घाम फुटला. आणि घाम फुटला की मी काय करतो? ओरडतो.

"केतकी! बाहेर ये!"

ती ओल्या केसांनी बाहेर आली. मी फोन तिच्यासमोर धरला. तिनं फोनकडे पाहिलंच नाही. ती पाटाकडे पाहत होती.

"हे काय आहे?" मी म्हणालो.

"हे काय आहे?" ती म्हणाली.

"नोकरी गेली तुझी?"

"बाबा, हे तेल आहे?"

"ऑगस्टपासून?"

"कुंकू तेलात कालवलंत?"

"मी काहीतरी विचारतोय!"

"मी पण विचारतेय, बाबा! हे निघतं का? यार, सांगा ना, निघतं का हे?"

आणि पोरगी पाटासमोर मटकन खाली बसली.

मग हळूहळू कळलं. नोकरी गेली होती. शिल्लक संपत आली होती. दोन ठिकाणी इंटरव्ह्यू झाले होते, पुढची फेरी दिवाळीनंतर. तोवर खोली टिकवायची तर भाडं हवं, म्हणून ती पर्स विकायला काढली होती. बारा वाजता येणारी बाई मैत्रीण नव्हती, गिऱ्हाईक होतं.

"आणि खोली सुटली तर सुटली," मी म्हणालो. "हे घर आहे ना तुझं?"

"मला इथे परत नाही यायचं, बाबा."

एवढंच म्हणाली. रागानंसुद्धा नाही. मीनानं पदर तोंडाला लावला.

साडेदहा वाजले होते. आम्ही तिघं त्या पर्सवर तुटून पडलो. मीनानं टाल्कम पावडर टाकली, थोडं तेल शोषलं गेलं. तिथेच थांबायला हवं होतं. पण मी थांबेन तर मी कसला! मी म्हटलं, नेलपॉलिश काढायचं औषध लावू, त्यानं सगळं निघतं. खरंच निघालं हो. कुंकू निघालं, त्याबरोबर पर्सचा रंगही निघाला. उरलेलं कुंकू पसरलं आणि मधोमध एक गुलाबी चट्टा झाला. स्वस्तिक मात्र त्यातूनही ओळखू येत होतं.

चोळता चोळता मी म्हणालो, "पण घ्यायचीच कशाला असली महागडी वस्तू?" बघा, तेव्हासुद्धा माझी जीभ आवरली नाही!

केतकीचा हात थांबला. "सांगू? मी तुमची ती रेक्झिनची बॅग घेऊन जायची ऑफिसला. दीड वर्ष. एकदा क्लायंटच्या टॉवरमध्ये गेली, माझंच प्रेझेंटेशन होतं. गार्डनं बॅगेकडे बघितलं आणि बोलला, 'मेड और डिलिव्हरी उधर से, सर्व्हिस लिफ्ट.' मी सांगितलं, मीटिंग आहे. तो बोलला, 'हाँ हाँ, उधर से.' मागे माझे बॉस उभे होते. ते हसले. मी सर्व्हिस लिफ्टनं गेली, बाबा. कचऱ्याच्या ड्रमबरोबर. बोनस आला, त्या दिवशी बॅग घेतली. नंतर कुणी विचारलं नाही कधी."

"मला सांगितलं नाहीस?"

"ती बॅग तुम्ही इतक्या कौतुकानं दिली होती."

मी हातातला कापूस खाली ठेवला. मला माझी लाज वाटली.

बाराला बेल वाजली. मला वाटलं होतं, मोठ्या गाडीतून कुणी शेठाणी उतरेल. दारात कोण, तर सुती सलवार-कमीज घातलेली, पन्नाशीची, मेट्रोनं आलेली बाई. जनकपुरीला राहते, शाळेत क्लार्क आहे. हातातल्या कापडी थैलीचं तोंड सेफ्टी पिननं बंद केलेलं. आत पैसे असणार. माझ्या ऑफिसात मी अशा बायकांबरोबर आयुष्य काढलं. मीनानं तिला पाणी दिलं.

"बेटी की सगाई है जी," ती आपणहून सांगायला लागली. "लड़केवाले बड़े लोग हैं. उनके यहाँ औरतें पहले पर्स देखती हैं, फिर शकल. मेरी बेटी उनके सामने नकली लेकर नहीं जाएगी. करोल बाग में सब मिलता है, पर वो लोग पहचान लेते हैं. नई तो हम ले नहीं सकते. एक चीज़ तो असली हो!"

मी तिला माझ्या दोन प्रकारांत बसवून पाहिलं. ती कुठेच बसेना.

केतकीनं पर्स पुढे ठेवली. काही लपवलं नाही पोरीनं, चट्टाच आधी दाखवला. बाईनं चष्मा बदलला, वाकून पाहिलं.

"ये... इसकी पूजा हुई है?" आणि सवयीनं तिनं पर्सला हात लावून कपाळाला लावला!

"शुभ है जी!" मी मध्ये पडलो. "सगाई के लिए एकदम शुभ! स्वस्तिक है, पक्का है, कभी नहीं जाएगा!"

"बाबा," केतकी म्हणाली.

बाईनं पर्स मांडीवर घेतली. आतलं अस्तर पाहिलं, शिलाई पाहिली. असली आहे, हे तिला कळत होतं. "चीज़ तो सच्ची है, बेटा," ती शेवटी म्हणाली, "पर देखते ही समझ जाएँगे कि किसी के घर की उतरी हुई है. मेरी बेटी को सारी उमर सुनना पड़ेगा." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. किती दिवस पै-पै करून तिनं ते पैसे जमवले असतील, देव जाणे. मीनानं तिला श्रीखंडाची वाटी दिली. ती अर्धी खाऊन, थैली छातीशी धरून निघून गेली. म्हणजे एका स्वस्तिकात मी दोन घरांच्या मुलींचं वाटोळं केलं.

जेवायला बसलो. कुणी जेवलं नाही. केतकीनं घरमालकाला फोन लावला आणि महिनाअखेर खोली सोडते म्हणून सांगितलं. मी म्हणालो, पैसे मी देतो. ती म्हणाली, "नको." मी पुन्हा म्हणालो. ती पुन्हा म्हणाली, "नको, बाबा."

मग माझा तोल गेला. स्वतःच्या रागाचं काय करायचं कळलं नाही की मी दुसऱ्यावर काढतो, हे तुम्हाला आता माहीतच झालंय. "मग आधी बोलायला काय झालं होतं? दोन महिने! पर्स विकायची अवदसा आठवली, पण बापाला एक फोन करावासा नाही वाटला? ही अक्कल दिली कुणी तुला?"

"तुम्हीच."

"मी?"

"मी बॅग घेतली, त्या दिवशी. याच टेबलवर. तुम्ही बोललात, उद्या नोकरी गेली ना, तर ही पर्स विकून खा. माझ्या दारात येऊ नकोस."

मी असं म्हणालो होतो? मी मीनाकडे पाहिलं. तिनं 'हो' म्हणून मान हलवली आणि ताटं उचलायला लागली.

आता बोला! एकोणतीस वर्षांत पोरीनं माझं एकच म्हणणं अगदी अक्षरशः मनावर घेतलं होतं, आणि तेवढंही तिला मी करू दिलं नाही.