पाळकीणबाईंचं टेबल

पाळकीणबाईंचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं चर्चची सगळी मंडळी म्हणायची. खरं तर जन्मभर तो त्यांनी गिळलाच होता. पाळकसाहेब गेले आणि चर्चच्या वर्धापनदिनासाठी पाळकगृहाचं संग्रहालय करायचं म्हणून पंचकमिटीनं घर रिकामं करायला सांगितलं, तेव्हाही त्या मुकाट लेकीकडे गेल्या. "टेबल मागाहून पाठवतो," कमिटीचा अध्यक्ष म्हणाला होता.

टेबल त्यांच्या वडिलांनी रंधा मारून स्वतः केलेलं, लग्नात दिलेलं. त्यावर कणीक मळली, लेकरांना आंघोळीनंतर पुसलं, पाळकसाहेबांच्या काळ्या झग्याच्या पांढऱ्या पट्ट्यांना इस्त्री केली. कन्फर्मेशनची, म्हणजे मंडळीत पक्कं होण्याच्या विधीची तयारी करणारी मुलं त्याच्याभोवती बसून बाईंकडून देवाच्या दहा आज्ञा आणि धर्माची प्रश्नोत्तरं पाठ करायची. साहेब? ते उपदेश लिहायचे पलंगावर, उशीला टेकून. टेबलाला कांद्याचा वास येतो म्हणायचे.

टेबल काही आलं नाही. शेवटी उद्घाटनाच्या सकाळी बाई लेकीला घेऊन स्वतःच पाळकगृहात थडकल्या.

स्वयंपाकघरातली चूल काढून टाकली होती. भिंतीवर मोठा फलक: आपल्या ल्यूथरन पंथानं पाळकाला लग्न करायची मोकळीक दिली, पाळकाचं घर हा मंडळीचा आदर्श ठरला. खाली ओळीनं नुसते पाळकांचेच फोटो. त्यापुढे दोरी बांधून टेबल, टेबलावर साहेबांचा झगा, चष्मा आणि चिठ्ठी: 'पाळकसाहेब याच टेबलावर उपदेश लिहीत.'

"लग्न केलं म्हणे," बाई म्हणाल्या. "कुणाशी? भिंतीशी?"

"आई, हळू," लेक म्हणाली.

"जन्मभर हळूच बोलले."

अध्यक्ष धावत आला. सूट, छातीला बिल्ला. "बाई, बसा ना! बिशपसाहेब येतीलच एवढ्यात."

"माझं टेबल दे."

"अहो, आता तो मंडळीचा ठेवा आहे. हवं तर चिठ्ठीवर 'पत्नीच्या सहकार्याने' असं घालू."

"सहकार्य?" बाईंची कानशिलं तापली. "याच टेबलाशी बसून रडला होतास तू, पाठ होत नाही म्हणून. नाक कुणी पुसलं तुझं? साहेबांनी? सातवी आज्ञा म्हण बघू."

"बाई, लोक बघतायत..."

"म्हण."

"चोरीची," तो पुटपुटला.

"एवढी तर येते. मग?"

बाईंनी दोरी सोडली. झगा घडी घालून फलकाखालच्या खुर्चीवर ठेवला, चष्मा मात्र पर्समध्ये टाकला. चिठ्ठी फाडून अध्यक्षाच्या वरच्या खिशात कोंबली. "धर तिकडून. या पोरीची कंबर धरलीय."

"मी?"

"नाहीतर काय, बिशपसाहेबांना सांगू?"

अध्यक्षानं एक बाजू उचलली, दुसरी बाईंनी. दारात टेबलाचे पाय अडकले, तशा बाई त्याच्यावरच खेकसल्या, "आडवं कर! एवढंही कळत नाही?" ते ओसरीवर पोचतात तोच फाटकाशी गाडी थांबली. बिशपसाहेब उतरले आणि टेबल धरून घामाघूम झालेल्या अध्यक्षाकडे बघतच राहिले.

"दुरुस्तीला नेतोय, साहेब," अध्यक्ष हसत म्हणाला.

"दुरुस्तीला नाही," बाई म्हणाल्या. "माझ्या घरी. जरा बाजूला व्हा, लागेल तुम्हाला."

बिशपसाहेब बाजूला झाले.