गावंडे सरांनी न पाहिलेली दुर्बीण

प्रा. श्रीधर गावंडे सरांना मी प्रथम पाहिले ते अमरावतीच्या आमच्या महाविद्यालयात. पाहुण्यांच्या भाषणात डुलकी काढण्याची माझी सवय त्या दिवशी मोडली. अवकाशातून येणारे अतिऊर्जावान गॅमा किरण जमिनीपर्यंत पोहोचतच नाहीत, असे सर म्हणाले आणि मी न राहवून विचारले, "मग जमिनीवर बसून तुम्ही काय पकडता?" सभागृह हसले. सर मात्र खूश झाले. "गाडी निघून गेली तं गेली, बाई. मागचा धुरळा पाहाचा ना! त्याच्यावरून गाडी कोनीकडून आली ते सांगाचं, हे आमचं काम." हा धुरळा म्हणजे किरण हवेवर आदळल्यावर उमटणारी निळसर चमक. ती इतकी क्षणिक, की साध्या डोळ्यांना दिसत नाही. आरशांच्या दुर्बिणी मांडूनच टिपावी लागते.

त्या उत्तराच्या ओढीने मी थेट लडाखच्या माळावर पोहोचले. तेथील लहान दुर्बिणींपाशी सरांनी उमेदीची वर्षे घालवली, पण त्यांचे डोळे लागले होते ते एका मोठ्या दुर्बिणीकडे. तिच्या आरशांची मांडणी सरांनीच ठरवली. ती उभी राहिली, तेव्हा मात्र ते हृदयाच्या शस्त्रक्रियेतून नुकतेच उठले होते, आणि डॉक्टरांनी उंचावर जाण्यास कायमची मनाई केली. ही चुटपुट त्यांना आहे, आणि आम्हांलाही.

सर कधी रागावत नसत, असे गौरवलेखांत लिहिण्याची पद्धत आहे. आमचे सर रागावत, आणि चांगले खणखणीत. सर्व दुर्बिणींचे संकेत एकाच वेळी पोहोचावेत म्हणून जवळच्या दुर्बिणीची तारही दूरच्या तारेइतकीच लांब ठेवतात. उरलेल्या तारेचे वेटोळे खोलीत पडलेले असते. आमच्या एका टापटिपीच्या सहकाऱ्याने ते वेटोळे पसारा समजून सफाईने कापून टाकले! "काहून कापलं रे? दिवाळीची झाडझूड करून राहिला होता काय?" सर कडाडले. मग त्याच्याच शेजारी बसकण मारून त्यांनी नवी तार जोडायला घेतली. पुढे हा विषय त्यांनी कधी काढला नाही; आम्ही मात्र अजून काढतो.

निवृत्तीनंतर सर अकोल्याच्या जुन्या शहरात राहायला आले. माझे वडील अकोल्यात दवाखान्यात होते आणि इकडे लडाखात बर्फाने माझा रस्ता अडवला, तेव्हा सर रोज डबा घेऊन त्यांच्या उशाशी बसले. दोघांच्या गप्पा तेल्हाऱ्याच्या कपाशीवर. घरी परतल्यावर बाबांनी आईला हळूच विचारले, "हे आपले कोन्या बाजूचे पावणे व्हय?" आईने तोच प्रश्न मला फोनवर विचारला.

पंचाहत्तरीनिमित्त वरून काय आणू, असे मी परवा सरांना फोनवर विचारले.

"मले काही नोको. ते मोठी दुर्बीण फिरते तवा आवाज कसा येते, तेवढा आयकव."

संध्याकाळी दुर्बीण कामासाठी फिरू लागली, तेव्हा मी फोन तिच्यापाशी धरला. ती थांबली. मग सर म्हणाले, "चांगली फिरून राहिली वं. मले एकडाव हात लावाचा होता तिले."

मी तिच्या लोखंडी पायावर तळहात ठेवला आणि म्हटले, "सर, लावलाय हात. फार गार आहे."

"काढ मंग. बोटं आखडतीन तुयी."

सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. त्यांनी डॉक्टरांचे ऐकावे, औषधे वेळेवर घ्यावीत, वर येण्याचा हट्ट धरू नये. हे सारे मी मनापासून लिहिते आहे. आणि तरीही संध्याकाळी खालून एखादी जीप वर येताना दिसली, की तीतून सरच उतरावेत असे मला वाटते.