‘झालं’ म्हणेपर्यंत

हिंगोलीच्या दत्तमंदिराच्या गल्लीत कालिंदीबाईंचं सोवळं प्रसिद्ध होतं. प्रसिद्ध म्हणजे, लोक टरकून असत. सकाळी देवाच्या नैवेद्याचा स्वयंपाक सुरू झाला की पोस्टमननेसुद्धा अंगणातूनच हाक मारायची. चुकून कुणाचा स्पर्श झाला तर बाई पुन्हा डोक्यावरून पाणी घेणार आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं मांडणार. नवरा देवळाचा पुजारी होता तेव्हापासूनचा हा शिरस्ता. तो गेला, पूजा पुतण्याकडे, चिन्मयकडे आली, एकुलती लेक नीलांबरी लग्न होऊन पुण्याला गेली, तरी नैवेद्याचं ताट कालिंदीबाईंच्याच घरून जायचं. सत्तरीला टेकलेल्या बाईंना दिवसभरात दुसरं काम तरी काय होतं? खरं सांगायचं तर काहीच नव्हतं.

अशा बाईने कुत्रं पाळावं याचं गल्लीला फार हसू आलं. पिल्लू आणलं होतं सुदामने. सुदाम सेनगाव रस्त्याच्या तांड्यावरून रोज मोटारसायकलवर दूध घेऊन यायचा. हळदीच्या मार्केटात पोत्यांमागे त्याला ते सापडलं होतं, नखशिखांत पिवळं.

"काकू, एकल्या राहता तुमी. ठिवा, राखण करंल," तो म्हणाला.

आंघोळ घातल्यावर हळद गेली, पण खालचा रंगही तसलाच निघाला. म्हणून नाव हळद्या.

बाईंनी त्याला दोनच गोष्टी शिकवल्या. "सोवळं!" म्हटलं की स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसायचं. ताट देवळात गेलं की बाई म्हणायच्या, "झालं, ये." मग तो चार पायांवर उडतच आत यायचा आणि पहिली पोळी त्याची असायची. मधल्या अर्ध्या तासात नाकासमोरून मांजर गेलं तरी हलायचा नाही. "आमच्या चिन्मयपेक्षा याला सोवळं जास्त कळतं," असं बाई म्हणायच्या, आणि ते चिन्मयसमोरच म्हणायच्या. अशी अकरा वर्षं गेली.

मग कोरोना आला आणि सगळ्या गावानेच एकमेकांना शिवायचं सोडून दिलं. बाईंना आधी गंमत वाटली. पण पोस्टमनची अंगणातली हाकसुद्धा बंद झाली तेव्हा घर खायला उठलं. दिवसाला एक सुदामची दुधाची हाक आणि एक नीलांबरीचा फोन, तेवढाच माणसाचा आवाज. बाकी सगळं बोलणं हळद्याशी.

एके दिवशी नीलांबरी म्हणाली, "आई, कुत्र्यामांजरांमुळे पसरतो म्हणतात गं. त्याला कनेरगाव नाक्याला सोडायला सांग. ढाब्यांवर पोट भरेल त्याचं."

"ढाबे बंद आहेत," बाई म्हणाल्या. "आणि तुला गोवर निघाला होता तेव्हा मी तुला कुठल्या नाक्यावर सोडलं होतं?"

फोन ठेवला खरा, पण भीती घरात शिरलीच. फिरून आलेल्या हळद्याचे पाय बाईंनी सॅनिटायझरने खसाखसा पुसले. त्याने ते चाटले आणि दिवसभर ओकत राहिला. घाबऱ्याघुबऱ्या बाईंनी जनावरांच्या डॉक्टर आकांक्षा मॅडमना फोन लावला. मॅडम आधी रागावल्या, मग समजावून सांगू लागल्या.

"सॅनिटायझर त्याच्या अंगाला लावायचं नाही. साध्या साबणाच्या पाण्याने पाय धुवा, पुसा, झालं काम. मास्कबिस्क बांधू नका. आणि काकू, त्याच्यापासून तुम्हाला धोका कमी, तुमच्यापासून त्याला जास्त. तुम्ही आजारी पडलात तर जवळ घ्यायचं नाही, तोंड चाटू द्यायचं नाही. खायला दुसऱ्याने घालायचं. तो दुसरा कोण, ते आत्ताच ठरवून ठेवा."

बाईंनी सुदामला विचारलं. "त्यात काय इचारायचं?" तो म्हणाला.

दुसऱ्या वर्षीच्या एप्रिलात बाईंना ताप भरला. तपासणीत निघाला कोरोनाच. बाईंनी अंथरूण स्वयंपाकघरात ओढलं आणि हळद्या उंबऱ्याशी आला तशी तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "सोवळं!" तो टाकोटाक बसला. बारा वर्षांची शिस्त कामी आली, म्हणून बाईंना त्या तापातही बरं वाटलं.

संध्याकाळी दाराबाहेरून सुदामची हाक आली. "काकू, हळद्या जेवून न्हाई राहिला. जाग्यावरून उठूनच न्हाई राहिला."

तेव्हा बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अर्ध्या तासाचा शब्द त्यांनी चौदा दिवसांना लावला होता. आता ‘झालं’ म्हणावं तर तो झेपावत आत येणार, तोंड चाटणार. न म्हणावं तर उपाशी बसणार. बाई रडवेल्या होऊन नुसत्या त्याच्याकडे बघत राहिल्या आणि तो त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.

सकाळी ऑक्सिजन नव्वदच्या खाली आला. गाडी आली. दोन माणसांनी धरून बाईंना उंबऱ्यावरून बाहेर नेलं, हळद्याच्या अगदी शेजारून. त्याची शेपटी तेवढी हलली. बाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले होते.

कोविड सेंटरात कुणाचा चेहरा दिसत नव्हता आणि कुणाला कुणाशी बोलायला दम नव्हता. तिसऱ्या दिवशी सुदामचा फोन आला. "काकू, चार घोट पाणी पेला, बाकी कायीच न्हाई. तुमी त्याला कायतरी बोलता ना, ते बोला. न्हाईतर जाईल हो हा."

ताट देवळात गेल्याशिवाय बाईंनी तो शब्द आजवर एकदाही उच्चारला नव्हता.

"स्पीकर लाव," त्या म्हणाल्या. मग होता नव्हता तेवढा दम गोळा करून म्हणाल्या, "झालं, ये."

फरशीवर नखांचा खडखडाट ऐकू आला. तो स्वयंपाकघरात गेला, तिथून देवघरात, तिथून परत स्वयंपाकघरात.

"काय करतोय रे तो?"

"हुडकून राहिला, काकू. तुमाला."

बाई ऑक्सिजनच्या मास्कमध्ये हुंदके देऊन रडल्या. पलीकडच्या कॉटवरची बाईही रडायला लागली, कशासाठी ते तिला ठाऊक नसताना. बऱ्याच वेळाने सुदाम म्हणाला, "आला भायेर. खाऊन राहिला आता." त्या दिवशी तो हळद्याला आपल्या तांड्यावर घेऊन गेला.

बाई बारा दिवसांनी घरी आल्या. मॅडमनी आणखी काही दिवस हळद्यापासून लांबच राहायला सांगितलं होतं, ते त्यांनी निमूट पाळलं. रिकाम्या उंबऱ्याकडे मात्र बघवत नव्हतं. अखेर मॅडमनी हो म्हटलं आणि सुदाम हळद्याला घेऊन आला. तो बाईंच्या पायांत लोळला, कुंईकुंई करून घर डोक्यावर घेतलं. त्याच सकाळी बाईंनी आजारानंतर पहिल्यांदा नैवेद्य रांधला. हळद्या न सांगता उंबऱ्याबाहेर बसला. चिन्मय ताट घेऊन गेला.

"झालं, ये," बाई म्हणाल्या.

हळद्या हलला नाही.

पुन्हा म्हणाल्या. पोळी दाखवली. त्याने शेपटी हलवली, कान पाडले आणि तिथेच बसून राहिला.

"काहून येऊन न्हाई राहिला ह्यो?" सुदाम म्हणाला.

बाईंना कळलं होतं. त्या शब्दाने त्याला एकदा रिकाम्या घरात बोलावलं होतं. आपण त्याला फसवलं, हे त्यांच्या काळजाला फार लागलं.

इतकी वर्षं तोच आत यायचा, बाई कधी बाहेर जात नसत. त्या पोळी घेऊन उठल्या, गुडघ्यावर हात टेकत उंबरा ओलांडला आणि त्याच्याशेजारी फरशीवर बसल्या. हळद्याने त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. पोळी दोघांनी अर्धी अर्धी खाल्ली.

आता नैवेद्य गेला की बाई ‘झालं’ म्हणत नाहीत. पोळी घेऊन स्वतःच बाहेर जाऊन बसतात.