लेकीच्या घरचं पाणी

होसकोट्याला दामोदरच्या घरात मागच्या खोलीला बाहेरून कुलूप असे, आणि आत त्याचे म्हातारे वडील, मालोजीअप्पा, खोकत असत. आजूबाजूला कारखाने आले तसा जागेला भाव चढला होता, आणि जागा होती अप्पांच्या नावावर. थोरली लेक सकवारबाई सुट्टीच्या दिवशी बंगळूरहून बस धरून यायची, खिडकीखाली उभी राहायची. हाक मारली की खोकला थांबे. मग गारमेंट फॅक्टरीत मशीनच्या घरघरीतही तो तिच्या कानात चालूच राही.

"अप्पांना कुणाला भेटायचं नाही, अक्का," दामोदर म्हणे. "तुला तर नाहीच."

चौकीतला हवालदार म्हणाला, "घरचं भांडण, अम्मा. घरीच मिटवा." घरचं म्हटलं की कायद्याने उंबऱ्याबाहेर चपला सांभाळत बसायचं, हे या लोकांना कुणी शिकवलं कोण जाणे.

वकील रत्नाबाईंनी मात्र सरळ सांगितलं. "पोटगी मागायची तर अर्ज अप्पांचा हवा, आणि ते कुलपात. हायकोर्टात 'माणूस हजर करा' म्हणून जाता येतं. पण आधी मॅजिस्ट्रेटकडून झडतीचं वॉरंट काढू. कोंडलेल्या माणसाला पोलीसच सोडवून कोर्टात आणतात. एक ध्यानात ठेव, तिथं तुला नाही विचारणार. कुठं राहायचं ते अप्पांनीच बोलायचं."

वॉरंट निघालं. अप्पा कोर्टात आले ते दोन शिपायांच्या आधाराने, नखं वाढलेली.

"लेकीकडे जाता का?" मॅजिस्ट्रेटनी कन्नडमध्ये विचारलं.

"नाही, स्वामी. नातू होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी चालत नाही आमच्यात."

दामोदर हसला. "अक्काला मूलबाळ नाही, साहेब."

सकवारबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुलपात मरेल, पण रीत सोडणार नाही हा माणूस. ती तोंड उघडणार, तोच तिच्या जिभेवर एक नाव आलं. बापलेकीनं इतकी वर्षं ते कधी उच्चारलं नव्हतं.

"झाला होता, अप्पा," ती मराठीत हळूच म्हणाली. "शंभू. पाळण्यात नाव तुम्हीच ठेवलंत. माती तुम्हीच दिलीत."

दामोदरने मान खाली घातली. अप्पा मॅजिस्ट्रेटकडे वळले.

"जातो, स्वामी. नातू झाला होता. विसरलो नव्हतो. नाव घेत नव्हतो."

तिच्या घरी त्यांनी तांब्याभर पाणी एका दमात संपवलं. पानावर बसले आणि म्हणाले, "शेजारी एक पाट मांड, छोटा." तिनं मांडला. अप्पांनी आपल्या पानातला वरणभात कालवून त्या पाटापुढे ठेवला आणि मगच घास घेतला.

आता खोकला तिच्याच घरात असतो. मध्येच थांबतो, आणि अप्पा कुणाशी तरी हळू आवाजात बोलू लागतात. दाराला कडीसुद्धा नाही. तरी सकवारबाई बाहेरच उभी राहून ऐकते.